आठ कॅमेरे, आठ वेगळी सेटिंग्ज : जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांवरून

मागच्या वेळी आपण वायरिंग, रेकॉर्डर आणि हार्ड डिस्क इथपर्यंत आलो होतो. कॅमेरे लागले, चित्र दिसायला लागलं, बसवणारा माणूस पैसे घेऊन गेला. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते. आमच्या मते खरं काम इथून सुरू होतं, आणि ते एकेका कॅमेऱ्याजवळ बसून करावं लागतं. आजचं सगळं बोलणं त्याच कामाबद्दल आहे.

उदाहरणं जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली घेणार आहोत. कारण उघड आहे. शहरातल्या सोसायटीत कॅमेऱ्याचं सेटिंग चुकलं तर फार तर स्कूटर चोरणारा सापडत नाही. इथे वस्तीवर मुलं अंगणात असतात, गोठा घराला लागून असतो आणि ऊस गोठ्याच्या मागच्या भिंतीपासून सुरू होतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याच ठिकाणी आलटून-पालटून दिवसा आणि रात्री मिळत आली, त्यामुळे पाळी आली की माणसाला रात्री दोनला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जावंच लागतं. दिवसा वीज द्या, ही मागणी या भागात बिबट्यामुळेच इतकी तीव्र झाली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, मग कॅमेऱ्याकडे येऊ. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर असे चार तालुके येतात. पश्चिमेला सह्याद्री, नाणेघाट, भीमाशंकरचं जंगल. पूर्वेला कुकडी, मीना, घोड या नद्यांच्या काठची बागायत. माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे ही धरणं झाली, कालवे आले, ऊस वाढला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे कारखाने उभे राहिले. बिबट्याला उसात आडोसा मिळाला, पाणी मिळालं, आणि खायला कुत्री, शेळ्या, वासरं मिळाली. उसात जन्मलेल्या पिल्लाच्या दृष्टीने ऊस हेच जंगल. माणिकडोहला २००७ पासून वनविभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस मिळून बिबट्या निवारा केंद्र चालवतात, ते आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं असेल.

आता आमचीच एक चूक सांगतो. नाव-गाव सांगत नाही.

एका वस्तीवर आठ कॅमेरे होते. पहिला कॅमेरा आम्ही नीट बसून लावला. गोठ्याच्या दाराचा होता. संवेदनशीलता, अलर्टची वेळ, रात्रीचा प्रकाश, सगळं जमून आलं. रेकॉर्डरमध्ये एक सोय असते, एका कॅमेऱ्याचं सेटिंग बाकी सगळ्यांना ‘कॉपी’ करायची. संध्याकाळ झाली होती, आम्ही ते बटण दाबलं आणि निघालो. त्या रात्री घरातल्या चार मोबाईलवर अलर्ट वाजत राहिले. उसाचं पान हललं, अलर्ट. दिव्यापाशी पाकोळी आली, अलर्ट. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री लोकांनी मोबाईलचा आवाज बंद केला. चौथ्या रात्री गोठ्यातली कालवड गेली. सकाळी रेकॉर्डिंग पाहिलं तर बिबट्या व्यवस्थित दिसत होता. अलर्टसुद्धा वेळेवर गेला होता. आधीच्या शेकडो अलर्टसारखाच तोही कुणी पाहिला नव्हता.

तेव्हापासून ते बटण आम्ही वापरत नाही. आणि कुठल्याही कॅमेऱ्याला हात लावण्याआधी एक प्रश्न विचारतो : या कॅमेऱ्याकडून आपल्याला नेमकं काय हवंय?

उत्तरं साधारण तीन असतात. पहिलं, तिथे काहीतरी आहे एवढं कळलं तरी पुरे. दुसरं, तो बिबट्या आहे की कुत्रा हे कळलं पाहिजे. तिसरं, हा कोणता बिबट्या आहे, परवा दिसलेलाच का, हे कळलं पाहिजे. ही तिन्ही कामं एक कॅमेरा एका सेटिंगवर करत नाही. इथे थोडं गणित आहे, घाबरू नका.

व्हिडिओ पाळतीच्या क्षेत्रात एक मान्य मोजपट्टी आहे. समोरच्या दृश्यातल्या एका मीटरला चित्रात किती पिक्सेल मिळतात ते मोजायचं. २५ मिळाले तर ‘काहीतरी आहे’ कळतं. १२५ मिळाले तर ओळखीचा माणूस असेल तर ओळखू येतो. २५० मिळाले तर अनोळखी माणसाचीही ओळख पटवता येते. मोजपट्टी माणसांसाठी बनली, पण आपल्याला अंदाजासाठी चालते.

बाजारात सर्रास मिळणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या. चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. त्याला २.८ मिलिमीटरची लेन्स असेल तर तो साधारण १०० अंश पाहतो. वीस मीटर अंतरावर त्याला जवळजवळ ४८ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. १९२० भागिले ४८, म्हणजे मीटरला ४० पिक्सेल. बिबट्याचं शेपूट सोडून अंग सव्वा मीटर धरलं तर पडद्यावर तो पन्नासेक पिक्सेलचा ठिपका असतो. रात्री, काळ्या-पांढऱ्या चित्रात, एवढ्यावरून कुत्रा की बिबट्या हे शपथेवर सांगणारा माणूस आम्हाला अजून भेटलेला नाही. सांगणारे पुष्कळ भेटतात, ते वेगळं.

त्याच जागी ६ मिलिमीटरची लेन्स लावली तर कोन निम्म्यावर येतो, वीस मीटरवर वीसएक मीटरचाच पट्टा दिसतो आणि मीटरला ९५-९६ पिक्सेल मिळतात. आणि हाच कॅमेरा आठ मीटरवरच्या पायवाटेकडे वळवला तर आकडा २५० च्या आसपास जातो. तिथे अंगावरचे ठिपके मोजता येतात. म्हणून आठही कॅमेरे ‘जास्तीत जास्त दिसतं’ म्हणून २.८ चे घेऊ नका. अंगणाला २.८ ठीक. ओढ्यातून वस्तीवर चढणाऱ्या वाटेला ६ किंवा ८.

ठिपके कशाला मोजायचे, असं कुणी म्हणेल. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. एकाच जनावराची डावी बाजूही उजवीपेक्षा वेगळी असते. आणि ‘कोणता बिबट्या’ हा प्रश्न इथे नुसत्या कुतूहलाचा नाही. २००१ पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडच्या जंगलात सोडण्याचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. १९९३ ते २००१ या काळात माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होते, २००१ ते २००३ मध्ये ते सरासरी सतरावर गेले. कमी व्हायच्या ऐवजी वाढले. पिंजरा लावला की जो सापडेल तो बिबट्या जातो. हल्ला केलेलाच असेल असं नाही. त्यामुळे एखाद्या वाटेवर एकच बिबट्या महिनाभर येतोय की चार वेगवेगळे, हे चित्रात स्पष्ट असेल तर वनविभागाच्या माणसांना देण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी असतं. नाहीतर तुम्ही फक्त एक धूसर क्लिप देता.

बरं, आता एकेका कॅमेऱ्याकडे येऊ. सुरुवात सगळ्यात कंटाळवाण्या गोष्टीपासून.

एकाच खोक्यातून आलेल्या सगळ्या कॅमेऱ्यांचा आयपी पत्ता कारखान्यातून बहुधा एकच असतो. सगळे एकदम स्विचला जोडले तर एक दिसतो, बाकीचे गायब, किंवा आळीपाळीने दिसतात. म्हणून एक जोडायचा, पत्ता बदलायचा, पासवर्ड बदलायचा, वहीत लिहायचा, मगच दुसरा. पासवर्ड बसवणाऱ्याच्या डोक्यात नको, घरातल्या वहीत हवा.

मग नाव. ‘कॅमेरा ०३’ हे नाव नाही. रात्री अडीचला झोपेतून उठलेल्या माणसाला ०३ म्हणजे कुठलं हे आठवत नाही. ‘गोठा-मागची बाजू’, ‘टाकी-ओढ्याकडे’, ‘शाळेची वाट’ अशी नावं द्या. वस्तीवरची माणसं त्या जागेला जे म्हणतात तेच. एका ठिकाणी सगळे ‘थोरल्या आंब्याजवळ’ म्हणत होते, आंबा दहा वर्षांपूर्वी तोडला होता. आम्ही कॅमेऱ्याला तेच नाव दिलं.

आणि घड्याळ. याच्यावर जरा थांबतो, कारण याची फसगत लवकर लक्षात येत नाही. बाजारातले बरेच कॅमेरे कारखान्यातून चीनच्या वेळेवर लावलेले येतात. ती वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. म्हणजे पहाटे चारला गेलेला बिबट्या रेकॉर्डिंगवर साडेसहाला दिसतो. साडेसहाला मुलं शिकवणीला निघतात, दूध घालायला माणसं बाहेर पडतात. एका वस्तीवर लोकांनी या अडीच तासांच्या चुकीवर आठवडाभर मुलांना घरी ठेवलं होतं. उलटंही होऊ शकतं, आणि ते जास्त वाईट. एक कॅमेरा योग्य वेळेवर आणि दुसरा अडीच तास पुढे असेल तर एकच बिबट्या दोन दिसायला लागतात. प्रत्येक कॅमेऱ्यात जाऊन वेळेचा पट्टा अधिक साडेपाच करा. इंटरनेट असेल तर वेळ तिथून घेऊ द्या, नसेल तर रेकॉर्डरकडून. आणि महिन्यातून एकदा मोबाईलच्या घड्याळाशी ताडून बघा. लाईट सारखी जात असेल तर घड्याळं सरकतात. व्हॉट्सॲपवर कुठल्या कुठल्या वर्षांच्या क्लिपा ‘काल रात्री आपल्या गावात’ म्हणून फिरतात. आपल्या रेकॉर्डिंगवरची वेळ आणि नाव बरोबर असेल तर निदान आपल्यापुरता तो गोंधळ थांबतो.

विजेची वारंवारता ५० हर्ट्झ ठेवा, ६० वर असेल तर बल्बाखाली चित्र फडफडतं. फ्रेम सेकंदाला १५ पुरतात. बिटरेट दोन मेगाबिट धरला तर एक कॅमेरा दिवसाला साडेएकवीस जीबी खातो, आठ कॅमेऱ्यांना दोन टीबीची डिस्क अकरा-साडेअकरा दिवस पुरते. अंगणाचे कॅमेरे एक मेगाबिटवर आणा, वाटेचे दोनवर राहू द्या. एवढं बास.

रात्रीचा प्रकाश हा खरा डोकेदुखीचा भाग. कॅमेऱ्याभोवतीचे इन्फ्रारेड दिवे आपल्याला दिसत नाहीत, पण कॅमेऱ्याला ते टॉर्चसारखे असतात. समोर हातभर अंतरावर उसाचं पान आलं की ते पान पांढरंफेक दिसतं, कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि मागचं सगळं काळं होतं. तीस मीटर बघणारा कॅमेरा दोन मीटरवर आंधळा. शिवाय दिव्याच्या उबेला आणि कीटकांच्या आशेने कोळी तिथेच जाळं विणतो. जाळ्याचा एक धागा रात्री पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. यावर कुठलंही सेटिंग नाही, काठीला फडकं बांधायचं आणि आठवड्याने पुसायचं. सेटिंग आहे ते दिव्यांच्या तीव्रतेचं : जवळचं बघणाऱ्या कॅमेऱ्यावर ती कमी करा. आणि शटर. रात्री कॅमेरा जास्त उजेड घ्यायला शटर रेंगाळत ठेवतो, मग चालणारं जनावर धुरासारखं उमटतं. वाटेवरच्या कॅमेऱ्याला शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा सावकाश जाऊ देऊ नका. चित्र थोडं काळपट आलं तरी चालेल, ठिपके दिसले पाहिजेत.

आता अलर्ट. साधी हालचाल-ओळख म्हणजे चित्रातले पिक्सेल बदलले की घंटा. उसासमोर ती निरुपयोगी, वारा कधी थांबत नाही. म्हणून लोक काय करतात? कॅमेऱ्यातलं ‘फक्त माणूस आणि वाहन’ हे गाळणं चालू करतात. अलर्ट एकदम शांत होतात, सगळे खूश. मंडळी, हे सेटिंग शहरासाठी बनवलंय. शहरात कुत्रं-मांजर म्हणजे खोटा अलार्म, तो गाळायचा म्हणूनच ही सोय आहे. चार पायांचं काहीही दिसलं की ते बाजूला टाकायचं, असं तुम्ही कॅमेऱ्याला सांगता आणि मग बिबट्याची वाट बघत बसता! आम्ही जिथे जातो तिथे हे पहिल्यांदा तपासतो. चोरांसाठी रस्त्याकडच्या कॅमेऱ्यावर ते असू द्या. उसाकडच्या एकाही कॅमेऱ्यावर नको.

मग उपाय काय? आठपैकी सहा कॅमेऱ्यांचे अलर्ट बंदच करा. ते रेकॉर्ड करतील, बोलणार नाहीत. उरलेले दोन अशा जागी हवेत जिथून घराकडे यायला जनावराला जावंच लागतं, आणि जिथे मध्ये मोकळी जमीन आहे. तिथे चित्रावर एक रेघ आखायची, रेघ ओलांडली तरच अलर्ट. रेघ उसावरून नाही, बांध आणि अंगण यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यावरून. वस्तूचा किमान आकार ठरवायचा, म्हणजे मांजर आणि पाकोळी वगळली जाते. कुत्रं वगळलं जाणार नाही, ते सहन करायचं. वेळ संध्याकाळी सहा ते सकाळी सात. एका रात्रीत दोन-तीन अलर्ट आले तर माणूस उठून बघतो, वीस आले तर बघत नाही. संवेदनशीलता ठरवताना आम्ही हाच हिशोब धरतो. अलीकडे बिबट्या ओळखायला शिकवलेले एआय कॅमेरे आणि भोंगे या पट्ट्यात लागायला लागलेत. ते चांगलंच आहे, पण त्यांनाही रेघ, कोन आणि उंची माणसालाच द्यावी लागते.

मागून प्रश्न आलाय, वनविभाग झाडाला बांधतो ते कॅमेरे वेगळे का? हो. ते ट्रॅप कॅमेरे. सतत चित्रण करत नाहीत. समोरून आसपासच्या जमिनीपेक्षा वेगळ्या तापमानाचं काही हललं की जागे होतात, फोटो काढतात, झोपतात. म्हणून बॅटरीवर आठवडेच्या आठवडे चालतात. त्यांचं सेटिंग जवळपास उलटं. आपला कॅमेरा खांबावर तीन-चार मीटर उंच, हा जमिनीपासून हात-दीड हातावर, जनावराच्या कुशीच्या उंचीला. वाटेपासून तीन-चार मीटर लांब. आणि शक्यतो वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे दोन्ही कुशी मिळतात. फक्त अगदी समोरासमोर नको, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. तोंड पूर्व-पश्चिम ठेवलं तर उगवता-मावळता सूर्य त्याला सारखा जागं करतो. उन्हाळ्याच्या दुपारी जमीनच अंगाइतकी तापते, तेव्हा तो चुकतो, हेही लक्षात ठेवायचं. शेजारच्या अकोले तालुक्यात अशाच कॅमेऱ्यांनी अत्रेय यांच्या गटाने शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या जवळपास मोठे बिबटे मोजले, तेही राखीव जंगलात नाही, शेतात. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वनविभागाने बांधलेल्या कॅमेऱ्याला मात्र आपण हात लावायचा नाही. त्याची दिशा बोटभर सरकली तरी फोटोत नुसती शेपटी येते.

एक गोष्ट बोलायला लोक संकोचतात. ओढ्याकडे, उसाच्या कडेला, टाकीजवळ कॅमेरा लावता तेव्हा तिथे बायका कपडे धुतात, अंघोळ करतात, पहाटे कुणी बाहेर जातं. शेजारच्याचं अंगण तुमच्या पडद्यावर येतं. प्रत्येक कॅमेऱ्यात चित्राचा ठराविक भाग कायमचा काळा करायची सोय असते, ती वापरा. आणि कुठला भाग काळा करायचा हे घरातल्या आणि शेजारच्या बायकांना पडदा दाखवून विचारा, पुरुषांनी अंदाजाने ठरवू नका. जिथे हे केलं नाही तिथे आठवड्याभरात कुणीतरी कॅमेऱ्यावर गोणपाट टाकलेलं आम्ही पाहिलंय. बरोबरच केलं त्यांनी.

आता ऊस. कॅमेरा लावता तेव्हा लागण गुडघ्याएवढी असते आणि ओढ्यापर्यंत सगळं दिसतं. सहा महिन्यांनी ऊस डोक्यावर जातो, तुमची मोकळी पट्टी संपते, आखलेली रेघ पानांत बुडते. आडसाली असेल तर दीड वर्ष तो तिथेच. मग कारखान्याची तोड येते, एका दिवसात रान उघडं पडतं, आत वाढलेली पिल्लं आणि त्यांची आई शेजारच्या फडात किंवा थेट वस्तीकडे सरकतात. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते त्याच आठवड्यात तुमचं सेटिंग जुनं झालेलं असतं. आम्ही वर्षातून तीनदा सेटिंग बदलतो : लागणीनंतर, ऊस छातीला लागला की, आणि तोडीची तारीख कळली की लगेच. तोडीच्या आधी रेघ पुन्हा आखायची, दिव्यांची तीव्रता वाढवायची, कॅमेरा थोडा वर उचलायचा, कारण आता लांबचं बघायचंय. तोड होऊन चार दिवस गेल्यावर हे करून उपयोग नाही.

आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी. सव्वा मीटर लांब, अर्धा-पाऊण मीटर उंच असा पुठ्ठा कापायचा, त्याला गोणपाट गुंडाळायचं, दोरी बांधायची. अंधार पडता पडता चार-पाच जणांनी बॅटऱ्या घेऊन जायचं आणि तो रेघेवरून ओढायचा. एकाने घरात मोबाईल घेऊन बसायचं. अलर्ट किती सेकंदांनी आला ते कॅमेऱ्याच्या नावासमोर वहीत लिहायचं. एका गावात पोरं पुठ्ठ्याऐवजी स्वतःच रांगत गेली होती. ते अजिबात करू नका, वाकलेला, बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. पुठ्ठा दहा रुपयांत येतो, किराणा दुकानात खोकं मागितलं तर फुकटही मिळतो.